सात नंबरचा सांधा

"आत येऊ का?" आप्पांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. खांद्याला हत्यारांची खाकी पिशवी, गळ्यात मफलर, पायात अजून बूट.

"विचारता काय? स्वतःच्या लेकीचं घर आहे."

"लेकीच्या घरी नाही आलो. फेल्युअर अटेंड करायला आलोय. मेमो आलाय मला. मास्तर जागेवर आहेत का?"

मास्तर म्हणजे माझे सासरे, श्रीपतराव ढमढेरे, रिटायर्ड स्टेशन मास्तर. आप्पा म्हणजे माझे वडील, यशवंत शितोळे, रिटायर्ड सिग्नल इन्स्पेक्टर. दोघांनी दौंड स्टेशनवर सतरा वर्षं एकत्र काढली. त्या सतरा वर्षांत गाडी खोळंबली की मामंजी लिहायचे 'सिग्नल फेल' आणि आप्पा लिहायचे 'ट्रॅफिक स्टाफची चूक'. अशी दोन माणसं एकमेकांचे व्याही कशी झाली, तर माझी आई आणि सासूबाई मैत्रिणी होत्या. त्यांनी सोयरीक ठरवली आणि नवऱ्यांना नंतर कळवलं. पुढे त्या दोघी वर्षभराच्या अंतराने गेल्या आणि हे दोघे माझ्या गळ्यात घालून गेल्या. माझे यजमान मालगाडीवर गार्ड, महिन्यातले वीस दिवस लाइनवर. सोडवायला कुणी नाही.

ही गोष्ट एक्याण्णव सालच्या डिसेंबरातली. तो मेमो आमच्याच मधल्या खोलीतून निघाला होता.

मधल्या खोलीत कमरेइतक्या उंच टेबलावर, आठ फूट बाय सहा फूट, एक रेल्वे होती. विलायती बनावटीची, पत्र्याची, माझ्याहून वयाने मोठी. रोझारिओ नावाचे एक मेल ड्रायव्हर कायमचे ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा मामंजींना देऊन गेले. दोन इंजिनं, अकरा डबे, गाडीचा रूळ बदलणारे नऊ सांधे आणि एक स्टेशन. स्टेशनचं इंग्रजी नाव खरवडून मामंजींनी तिथे 'दौंड नवे' अशी पाटी लावली होती. वायरिंग मात्र उंदरांनी खाल्लं होतं. ते सगळं आप्पांनी टेबलाखाली उताणं पडून नव्याने केलं. प्रत्येक सांध्याला तीन वायरी: सरळ जायला लाल, वळायला हिरवी, परतीची काळी. बटण क्षणभर दाबायचं, टेबलाखालच्या छोट्या कॉइलमध्ये वीज जाते, 'खट्' आवाज होतो आणि सांध्याचं पातं एका रुळावरून दुसऱ्या रुळाला चिकटतं. पातं नीट चिकटलं की बटणाशेजारचा हरभऱ्याएवढा दिवा लागतो. हा दिवा आप्पांची स्वतःची भर. दिवा नाही तर गाडी नाही.

खेळणंच ते, पण खेळल्यासारखं कुणी खेळेल तर शपथ. मामंजी गाडी सोडताना टोपी घालत. सांध्याला हात लावायचा तर आप्पांनी आधी 'सांधा कामासाठी बंद' असा मेमो द्यायचा, मामंजींनी वेळ घालून सही करायची, मगच स्क्रू ड्रायव्हर बाहेर. काम झालं की 'सांधा जोडला' असा दुसरा मेमो. मी एकदा केरसुणीने टेबलावरचं जाळं काढलं, तर दोघांनी मिळून मला अर्धा तास ऐकवलं. त्यांचं एवढ्या एका बाबतीत एकमत होतं.

"काय झालं सात नंबरला?" आप्पांनी आत जात विचारलं.

"मला काय विचारता? तुमचं डिपार्टमेंट," मामंजी म्हणाले.

आप्पांनी टेबलाखाली डोकं घातलं, वास घेतला आणि तसेच बाहेर आले. "कॉइल जळलीय. बटण किती वेळ दाबून धरलं होतं?"

"नियमाप्रमाणे."

"मास्तर, बटण म्हणजे लिव्हर नव्हे. टिचकी मारायची आणि सोडायचं. तुम्ही ट्रॅफिकवाले अंगठा ठेवून झोपता."

"तुमची कॉइल एका अंगठ्याने जळत असेल तर ती कॉइल कसली?"

मी चहा नेऊन ठेवला. आप्पांनी घड्याळात बघितलं, मेमोवर वेळ बघितली आणि कप उचलला. माझ्या घरी ते पाण्याचा घोटही घेत नसत. मुलीच्या घरी खायचं नाही, राहायचं नाही, हे त्यांचं जुनं. पण मेमो उघडा असला की ते ड्युटीवर असत, आणि ड्युटीवरच्या माणसाला स्टेशनवर चहा मिळतोच. म्हणून चहा चालायचा. तोही मधल्या खोलीत आणि उभ्याने.

"तार आणून उद्या कॉइल गुंडाळून देतो," आप्पा म्हणाले. "आणि मास्तर, तुमची दुसरी काय कामं असतील ती आठवड्यात सांगा. रविवारी मी चाललो."

"कुठे?"

"नागपूरला, प्रल्हादकडे. कायमचा. त्याने रिझर्वेशन पाठवलंय."

माझ्या हातातला ट्रे टेबलावर टेकला आणि गुड्स ट्रेनचे दोन डबे पडले. कुणी ओरडलं नाही, म्हणजे बघा.

प्रल्हाद माझा मोठा भाऊ. वाईट नव्हता. पण आप्पा मागे त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवस राहून आले ते गालफडं बसलेले. "तिथे गाडीचा आवाज येत नाही गं," एवढंच म्हणाले होते. इथे एकट्याने स्टोव्हवर खिचडी शिजवून खात होते, तेही मला बघवत नव्हतं. आमची मागची खोली रिकामी होती. मी तीनदा सांगून पाहिलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर: "मुलगा असताना मुलीच्या दारात पडू? लोक तोंडात शेण घालतील." मला ते जायला नको होते. त्यांनाही जायचं नव्हतं. आणि तरी ते जाणार होते.

मामंजींनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "बरं झालं," ते म्हणाले. "एक डिपार्टमेंट कमी."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की त्या संध्याकाळी मी आमटीत मीठ घातलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, त्यामुळे राग वाढला.

मंगळवारी आप्पांनी कॉइल बसवली, दिवा लागला, मेमो झाला. बुधवारी सकाळी मामंजींनी मला आप्पांकडे पिटाळलं. सात नंबर फेल.

आप्पांनी टेबलाखाली सगळ्या वायरी तपासल्या. लाल ठीक, हिरवी ठीक, काळी ठीक. बटण दाबलं की 'खट्' होत होतं, पण दिवा लागत नव्हता. मग त्यांनी भिंग लावलं आणि चिमट्याने पातं आणि रूळ यांच्या फटीतून काहीतरी उचललं. मोहरी. एक दाणा, काळा, चांगला टपोरा. तो मध्ये बसल्यामुळे पातं रुळाला चिकटत नव्हतं.

"कुंदा," आप्पा म्हणाले, "फोडणी जपून देत जा."

"माझं स्वयंपाकघर दोन खोल्या पलीकडे आहे!"

"मोहरी उडते."

त्यांनी दाणा रिकाम्या काडेपेटीत टाकला, पेटीवर पेन्सिलीने 'पुरावा, सां. क्र. ७' असं लिहिलं आणि पिशवीत ठेवली. आप्पा नोकरीतसुद्धा असेच होते. खडीचा तुकडा सापडला तरी कागदात बांधून आणायचे.

गुरुवारी पुन्हा सात नंबर फेल. पुन्हा मोहरी. शुक्रवारी सकाळी फेल, संध्याकाळी फेल. शनिवारी सकाळी पाचव्यांदा फेल. बाकीचे आठ सांधे ठणठणीत, फक्त सातवर मोहरीचा डोळा. गुरुवारी मी फोडणीवर ताट झाकलं. शुक्रवारी फोडणीच दिली नाही.

शनिवारी दुपारी मधल्या खोलीत चौकशी बसली. दोन खुर्च्यांवर दोन डिपार्टमेंट, स्टुलावर मी.

"शुक्रवारी फोडणी किती वाजता दिली?" मामंजींनी वहीत बघत विचारलं.

"दिली नाही."

"कुणी दिली नाही?"

"मी! मी दिली नाही! घरात दुसरं आहे कोण?"

"उत्तरं नीट द्यायची," मामंजी म्हणाले. "घाबरायचं कारण नाही."

"घाबरतंय कोण? मला भाकऱ्या टाकायच्यात."

आप्पांनी काडेपेटी उघडून पाच दाणे कागदावर ओळीने मांडले. आम्ही तिघांनी ते बघितले. मग आप्पांनी ते मोजून परत पेटीत भरले आणि मान हलवली. "उद्या मी निघणार. फेल्युअर असं अर्धवट असताना मेंटेनर जागा सोडत नाही. बत्तीस वर्षांत मी सोडली नाही."

"मग नका सोडू," मी पटकन म्हणाले.

"तिकीट काढलंय प्रल्हादने," आप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मामंजींनी वही पुढे ओढली. वहीत काहीतरी लिहीत राहिले. मी वाकून बघितलं, तर नुसत्या उभ्या रेघा होत्या.

आप्पा घरी गेल्यावर मी भाकऱ्या टाकल्या. मामंजींना जेवायला हाक मारायला गेले तर मधल्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून मला ते दिसले. टोपी घातलेली. डाव्या हातात त्यांची होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली. रोज सकाळ-संध्याकाळ चार गोळ्या घेत ते. पण आता बाटली तोंडाकडे न जाता सात नंबरकडे गेली. वाकून, जीभ बाहेर काढून, अगदी बेतानं त्यांनी बाटलीतून एक दाणा सांध्यात सोडला.

"मामंजी!"

ते दचकले आणि उरलेली मोहरी 'दौंड नवे' स्टेशनच्या छपरावर सांडली.

"गोळ्या घेत होतो," ते म्हणाले.

"गोळ्या पांढऱ्या असतात."

ते खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीखाली त्यांचे केस किती विरळ झालेत ते मी पहिल्यांदाच बघितलं.

"अडतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "एक डाग नाही. सांध्यात मुद्दाम अडथळा घालणं म्हणजे काय माहिती आहे? नोकरी जाते. तुरुंग होतो."

"मग घातलात कशाला? आणि माझी उलटतपासणी काय घेतलीत? मला वाटायला लागलं होतं, खरंच माझीच मोहरी उडते!"

"फेल्युअर पेंडिंग असलं की तो जात नाही. मला त्याचा स्वभाव ठाऊक आहे." त्यांनी टोपीचा काठ चोळला. "तो गेल्यावर मी मेमो कुणाला देऊ गं? सकाळी उठून भांडू कुणाशी?"

माझा सगळा राग उतरला. आमटीतल्या मिठाचं मला फार वाईट वाटलं.

"मग सरळ सांगा ना त्यांना. थांबा म्हणा. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकतील."

"मी? सिग्नलवाल्याला?" मामंजी ताठ बसले. "अशक्य."

मी चिमट्याने दाणा काढला. बटणाला टिचकी मारली, 'खट्', दिवा लागला. छपरावरची मोहरी वेचून परत बाटलीत भरली आणि बाटली कमरेला खोचली. "हे असलं काही नको. जायचे असतील तर मानाने जाऊ देत. सांध्यात मोहरी घालून माणूस राहत नसतो," असं मी ठणकावून सांगितलं. पुढे हे वाक्य मला गिळावं लागलं, ते येईलच.

रविवारी सकाळी मी पुन्हा सात नंबर तपासला. दिवा लागला. दुपारी चार वाजता आप्पा ट्रंक आणि वळकटी घेऊन आले. ती व्हरांड्यात ठेवली, बूट पुसले, आत आले. गाडीला अवकाश होता.

"चार्ज द्यायचाय," ते म्हणाले. "त्याआधी एकदा सगळ्या वायरी बघून घेतो."

त्यांनी मेमो दिला, मामंजींनी सही केली. सही करताना त्यांचं पेन दोनदा अडलं. मी चहा टाकायला गेले आणि मामंजी, एरवी जागा न सोडणारे मामंजी, 'दूध उतू जाईल' असं सांगत माझ्या मागे स्वयंपाकघरात आले. दूध गॅसवर नव्हतंच. ते फडताळाकडे तोंड करून नाक शिंकरत उभे राहिले. मधल्या खोलीत आप्पा पाच मिनिटं एकटे होते.

आम्ही परत गेलो तेव्हा ते टेबलाजवळ उभे होते. त्यांनी 'सांधा जोडला' असा मेमो लिहून तयार ठेवला होता.

"टेस्ट घ्या," ते म्हणाले.

मामंजींनी एक ते सहा टिचक्या मारल्या. सहा दिवे. सातला टिचकी मारली. 'खट्'. दिवा नाही.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मी कमरेची बाटली चाचपली. होती. त्यांच्याकडे बघून मी मान हलवली. त्यांनीही हलवली.

आप्पा वाकले. भिंग नाही, शोधाशोध नाही, चिमटा सरळ फटीत घातला आणि मोहरी उचलली. खिशातून काडेपेटी काढली, उघडली, दाणा आत टाकला. पेटी मिटायला त्यांना जरा वेळ लागला. तेवढ्यात मी मोजले. काल पाच दाणे मोजून भरले होते. आजचा धरून सहा व्हायला हवे होते. पेटीत पाचच होते.

मामंजींनीही मोजले. गाडीचे डबे मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आप्पा भिंतीकडे बघत होते. ज्या माणसाने उभ्या नोकरीत खोटा रिपोर्ट लिहिला नाही, त्याचे कान लालबुंद झाले होते. मला रडू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला.

मामंजींनी खुर्ची ओढली. टोपी नीट केली. मेमोचं पॅड पुढे घेऊन मोठ्याने म्हणत लिहायला सुरुवात केली. "सांधा क्रमांक सात वारंवार फेल होत असल्याने गाड्यांस धोका आहे. तरी मेंटेनरने आजपासून स्टेशनवरच मुक्काम करावा. मुक्कामाची जागा, मागची खोली. जेवण, स्टेशनवर."

"जेवण?" आप्पांनी भिंतीला विचारलं.

"ड्युटीवरच्या माणसाने उपाशी राहायचं असा नियम आहे का तुमच्या डिपार्टमेंटात?"

"तसा नाही." आप्पा वळले. मेमो हातात घेऊन त्यांनी दोनदा वाचला. "मुदत लिहिली नाही तुम्ही. ऑर्डर अपुरी आहे."

"लिहितो. फेल्युअरचं कारण सापडेपर्यंत."

"कारण सापडलंय. मोहरी."

"मोहरी हे कारण नव्हे," मामंजी म्हणाले. "मोहरी आली कुठून, ते कारण."

आप्पांनी विचार केला. "त्याच्या तपासाला वेळ लागेल."

"लागू दे."

आप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि मेमोखाली सही केली. सही, तारीख, वेळ. मग व्हरांड्यात जाऊन ट्रंक उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा बूट काढून माझ्या घरात आले.

त्या संध्याकाळी मी तीन दिवसांनी वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली आणि मधल्या खोलीतून दोन डिपार्टमेंट एकदम ओरडली, "कुंदा, जपून!" दोघांनी हसू लपवायला एकदम खोकला काढला, तोही मला ऐकू आला.

प्रल्हादला मी पत्र लिहिलं, आप्पांना इथे नोकरी लागली म्हणून. तो चिडला, मग हसला. गावात कुणी विचारलं तर आप्पा सांगत, "मुलीकडे नाही राहत. पोस्टिंग आहे." लोकांनी शेण वगैरे काही घातलं नाही. उलट दोघेतिघे रिटायर्ड रेल्वेवाले रोज चारला गाडी बघायला यायला लागले. मला चहाचं भांडं मोठं घ्यावं लागलं.

त्यानंतर सहा वर्षं सात नंबर एकदाही फेल झाला नाही. त्यांची भांडणं रोज झाली, पण सांधा चालला. सत्त्याण्णव साली मामंजी गेले. आप्पांनी त्या दिवसापासून गाडी सोडली नाही. टेबलावर चादर टाकली आणि टोपी स्टेशनच्या छपरावर ठेवली.

चौदाव्या दिवशी प्रल्हाद न्यायला आला. "आप्पा, आता मास्तरही राहिले नाहीत," तो म्हणाला. "कुणाच्या ऑर्डरवर राहणार इथे?"

त्याचं चुकत नव्हतं. आप्पा उठले. ट्रंक काढून कपडे भरले. मग म्हणाले, "एकदा टेस्ट घेतो आणि निघतो." त्यांनी चादर काढली, घडी केली. एक ते सहा, सहा दिवे. सातला टिचकी मारली. 'खट्'. दिवा नाही.

प्रल्हाद म्हणाला, "राहू द्या ना आता."

आप्पांनी चिमटा घातला आणि मोहरीचा दाणा उचलून उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी छपरावरची टोपी उचलली आणि डोक्यावर घातली. ती मला कानांपर्यंत आली. मेमोचं पॅड पुढे ओढलं.

"मेंटेनर," मी म्हणाले, "कारण सापडलं का?"

"नाही, मास्तर," आप्पा म्हणाले. "तपास चालू आहे."